पागोळीचं पाणी

आमच्या गावाला लोक हवा खायला यायचे. पुण्याचे यायचे, मुंबईचे यायचे, साहेबलोक तर येतच. मोटारीतून पाय खाली ठेवला की आधी नाकानं लांब श्वास ओढायचा आणि म्हणायचं, "अहाहा! काय हवा!" लग्न होऊन मी महाबळेश्वरला आले तेव्हा मला ह्याचं भारी हसू यायचं. हवा ती हवा, तिच्यात खायचं काय? माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. तिथं उन्हाळ्यात वारा सुटला तर तोंडात धूळ यायची, तेवढीच आमची हवा खाणं.

गावाला लोक स्वर्ग म्हणायचे. मी मनात म्हणायची, बाबांनो, चैत्र-वैशाखात येताय म्हणून स्वर्ग. आषाढात येऊन चार दिवस काढून दाखवा. पावसाळ्यात बाजार बंद व्हायचा, घरांना चहूबाजूंनी गवताच्या ताट्या बांधायच्या, आणि मग आत अंधारात आम्ही धुरात खोकत बसायचो. मिठाला पाणी सुटायचं. काड्यापेटी चुलीच्या उबेला ठेवली नाही तर पेटायची नाही. लुगडं वाळायचं म्हणजे चुलीवर धरून वाळवायचं, मग अंगाला आठवडाभर धुराचा वास. असला तो स्वर्ग.

सासरची माणसं माळीकामाची. मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता, त्याची बाग आणि राखण सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे. बंगल्यामागं दोन खोल्या होत्या, पत्र्याच्या, पण खाली लाकडी फळ्या घातलेल्या. त्यामुळं पायाला ओल लागायची नाही. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात आम्ही तिघं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, आणि मी. दोन खोल्यांतली एक रिकामीच असायची. ती रिकामी खोली मी जन्मात विसरायची नाही.

जर्मनची लढाई चालू होती ते दिवस. आमच्या माहेरी हळदीचं पीक. हळद शिजवायची, वाळवायची, मग पोत्यात घालून घासायची, म्हणजे तिला तकाकी येते. घासताना जी पिवळी धूळ उडते ती नाकातोंडात जाते. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, उभा जन्म ती धूळ गिळली. एका उन्हाळ्यात त्यांची छाती भरली ती मोकळी होईना. सांगलीच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, औषधानं जेवढं व्हायचं तेवढं झालं, आता उंचावरच्या हवेत जाऊन रहा, पावसाळा लागेपर्यंत तरी रहा, नाहीतर माझ्या हातात काही नाही.

उंचावरची हवा! आबांची एकुलती एक लेक उंचावरच्या हवेतच बसलेली. निरोप आला तेव्हा मला इतका आनंद झाला की आत्याबाईंच्या समोरच मी पदर तोंडाला लावून हसले. वाटलं, देवानं मला ह्या थंडगार गावात दिली ती ह्याचसाठी. एरवी आत्याबाई वेडंवाकडं बोलायचं काही ठेवायच्या नाहीत, पण ह्या वेळी लगेच म्हणाल्या, "येऊ द्या की. खोली रिकामीच हाय. बाप काय रोज रोज येतोय व्हय?" मी खोली सारवायला निघाले, मग आठवलं की खाली फळ्या आहेत. त्या घासून पुसून लख्ख केल्या.

आबा आले. वाठार स्टेशनापर्यंत आगगाडी, पुढं मोटार. त्या दिवसांत पेट्रोल मिळायचं नाही, मोटारी कोळशावर चालायच्या. पसरणीच्या घाटात मोटार दमली की माणसांनी उतरायचं आणि ढकलायची. छातीचा रोगी माणूस, हवापालटाला निघालेला, कोळशाचा धूर खात आणि मोटार ढकलत आमच्या दारात आला. ओठ निळे पडले होते. मी तांब्याभर पाणी घेऊन धावले.

आबांनी हात आडवा केला.

"न्हाई पोरी. ठाव हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नसतं? आमच्यात लेकीला मूल झाल्याशिवाय आईबाप तिच्या सासरी अन्नपाणी घेत नाहीत. एकदा कन्यादान केलं की दिलेल्या घरचं काही घ्यायचं नाही. मूल झालं की मग ते नातवाचं घर, मग चालतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. पण मला आपलं वाटलं होतं, जिवावर बेतल्यावर कोण असलं धरून बसतंय? आबा धरून बसणारे होते. माझी कूस रिकामी म्हणून माझ्या बापाच्या घशाला कोरड. त्या तांब्याचं काय करावं मला कळेना. शेवटी तुळशीला घातला.

पण आबांनी त्यातूनही वाट काढून आणली होती. बोचक्यात शाळूचं पीठ होतं, डाळ, हळद, तिखट, एक तवा, एक पातेलं आणि पाण्याला घागर. म्हणाले, "इहीनबाई, मी तुमच्या अंगणात तीन दगडं मांडतो. माजी भाकरी मी थापतो, पानी तळ्यावनं आनतो. ऱ्हायाला खोली तुमची. निजायला काय दोष न्हाई."

मला वाटलं, झालं, सुटला गुंता. तेवढ्यात आत्याबाईंचा चेहरा पाहिला. चेहरा कसला, विस्तवच तो.

"व्हय?" त्या म्हणाल्या. "म्हंजे आमच्या दारात आमचा पाव्हणा चूल मांडून हातानं भाकरी थापनार, आन् सारं गाव येता-जाता बघनार! आमी काय मेलो व्हय? नाक कापायचं असंल तर विळा आनून देते, घरात जाऊन कापा."

"इहीनबाई, रागावू नगा."

"रागावू नको तर काय आरती करू? गिळायचं तर आमच्यात गिळा, मी वाढते, लेकीच्या हातचं नगं तर नगं. न्हाईतर मग आमच्या अंगनात धूर करायचा न्हाई."

आबा म्हणाले, "तुमचं मन मोठं हाय. पर घर लेकीचंच."

दोघंही खरी माणसं, दोघंही आपापल्या अब्रूला जपणारी, आणि मध्ये मी. काय बोलायचं मी? बापाला म्हणू रीत सोडा, की सासूला म्हणू अब्रू सोडा? ह्यांच्याकडं पाहिलं. हे खुरपं हातात घेऊन गुलाबाच्या वाफ्याकडं बघत उभे. गुलाब तरी काय सांगणार?

आमच्या घरापासून उतारानं खाली गेलं की गावाचं तळं. त्याच्या काठी एक घोडेवाला होता, आमच्या माहेरच्या शेजारगावचा. सीझनला तो घोडी भाड्यानं द्यायचा. त्याचा तिथं गवती छपराचा तबेला होता. त्याच्या एका कोपऱ्यात आबांनी पथारी टाकली. घोडेवाला म्हणाला, "या की आबा, घोड्यास्नी तेवढीच सोबत." माझ्या घासून लख्ख केलेल्या फळ्या तशाच राहिल्या.

धुणं धुवायला मी तळ्याच्या बांधाखालच्या ओढ्यावर जायची. आधी एक दिवसाआड जायची, आता रोज जायला लागले. धुवायला काही नसलं तर धुतलेलंच परत धुवायची. आत्याबाईंना कळत होतं. एकदा म्हणाल्या, "लुगडी फाटतील गं, जरा बेतानं," आणि वर एक चादर आणून माझ्या गाठोड्यावर टाकली. अशी बाई ती. तिला शिव्या द्याव्यात तर तोंड धजत नाही.

आणि तळं तर काय, दृष्ट लागावी असं. सकाळी धुकं उठलं की निळंशार पाणी, पलीकडं जांभळीची झाडी. साहेबांच्या मडमा छत्र्या घेऊन नावेत बसायच्या. शेटलोकांची पोरं घोड्यांवरून काठाकाठानं रपेट करायची आणि पडली की भोकाड पसरायची. पाचगणीच्या शाळांतली मुलं कधी रांगेनं यायची, डबे खाऊन रांगेनं जायची. लढाईवरून विसाव्याला आलेले गोरे सोल्जर पाण्यात खडे मारत तासन् तास बसायचे. आबा त्यांच्याकडं बघून म्हणायचे, "ही बी कुनाची तरी पोरंच की गं. हितं खडं मारत्यात, फुडच्या म्हैन्यात कुठं असत्याल कुनाला ठाव?"

पहिले काही दिवस आबांना मानवलं. खरंच मानवलं. खोकला कमी झाला, ओठांवर रंग आला. मी धुणं आपटायची आणि आबा वर बांधावर बसून माझ्याशी गप्पा मारायचे. जन्मात कधी आम्ही बापलेक इतकं बोललो नव्हतो. गावाकडं असताना आबांना वेळ कुठला? त्यांनी मला कृष्णेत पोहायला शिकवलं होतं, कमरेला वाळका भोपळा बांधून. आई ओरडायची, पोरीच्या जातीला पोहणं कशाला, तर म्हणायचे, पाण्याला काय कळतंय पोरगं का पोरगी? स्वतः पट्टीचे पोहणारे. पुराच्या पाण्यात उडी टाकून पलीकडच्या काठाला निघायचे.

"एवढं पानी," ते तळ्याकडं हात करून म्हणायचे, "आन् पवायचं न्हाई! काय गाव हाय गड्या तुजं!"

तळ्याचं पाणी सगळ्या गावाला प्यायला जायचं, म्हणून त्यात उतरायला बंदी होती.

"तुमाला सुपारी कातरताना धाप लागतीया आबा, पवताय कुठं?"

"व्हय की. त्ये बी खरंच."

एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा घोडेवाल्यानं नाववाल्याला सांगून आबांना नावेत बसवलं. मला पण बोलावलं, पण माळ्याची सून नावेत बसली हे आत्याबाईंच्या कानावर गेलं असतं तर माझीच नाव बुडाली असती. मी काठावर उभी राहिले. आबा फेटा मांडीवर ठेवून बसले होते, एक हात पाण्यात सोडलेला. नाव पार मधोमध गेली, तिथं त्यांनी ओंजळभर पाणी उचलून तोंडावर मारलं आणि लहान पोरासारखे हसले. इतक्या लांबून मला हसू ऐकू आलं. त्या हसण्यात मध्ये खोकला नव्हता. मी तिथंच काठावर देवाला हात जोडले, की बाबा रे, एवढं असंच ठेव.

तेव्हा एकदा मी हिय्या करून वाद घातला. म्हटलं, "आबा, तुमी घागर भरताय ती ह्याच तळ्यातली. आमच्या नळाला येतंय ते बी ह्याच तळ्याचं. मग आमच्या हंड्यातलं प्यालात म्हणून काय बिघडलं?"

"तळं गावाचं हाय, पोरी. हंडा तुजा हाय."

वाटलं, डोकं आपटावं बांधावर.

वैशाख संपत आला तशी हवा फिरली. सकाळी लख्ख असायचं, दुपार कलली की दरीतून ढग वर चढायचे आणि तळ्यावर येऊन बसायचे. वरच्या बाजूला आमच्याकडं ऊन असायचं, तेव्हासुद्धा तबेल्यात हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. पाहुणेलोक त्या धुक्यावर खूश. शाली पांघरून फिरायचे, ढगात आलो म्हणायचे. माझ्या आबांची वाकळ त्या ढगानं ओली व्हायची आणि दुसऱ्या दिवशी वाळायच्या आत पुन्हा ओली. खोकला परत आला. आधी कोरडा होता, आता ओला आला. ज्या हवेसाठी डॉक्टरनं पाठवलं होतं ती हवा वर आमच्या फळ्यांच्या खोलीत होती, आणि माणूस खाली ओलीत.

मी आत्याबाईंच्या पाया पडले. म्हटलं, चूल मांडू द्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "मांडू दे. मागल्या दाराला मांडू दे, मी काय बघत न्हाई." केवढं मोठं बोलल्या त्या! मी धावत तळ्यावर गेले. आबा म्हणाले, "नगं गं. एकदा त्या बाईनं न्हाई म्हनल्यावर आता तिला खाली बघाया लावून मी कुठं जाऊ? तुला हितंच नांदायचं हाय. पावसाच्या तोंडाला जायाचंच हाय की मला, ऱ्हायलं किती?" तिकडून अब्रू वाकली तर इकडून ताठ झाली. मला असा संताप आला, की हातातलं धुणं तिथंच ओढ्यात फेकलं आणि मग ते वाहत निघालं म्हणून मीच त्याच्यामागं पळाले. आबा वर बसून हसत होते आणि खोकत होते.

मग तो गारांचा दिवस आला. दुपारी एकदम काळोख झाला, वारं असं सुटलं की सिल्वर ओकची झाडं जमिनीला टेकायला लागली, आणि गारा कोसळल्या. आमच्या पत्र्यावर असा आवाज, की शेजारचं माणूस बोललेलं कळेना. तबेल्याचं अर्धं छप्पर त्या वाऱ्यानं उचललं. घोडेवाल्यानं घोडी सोडली आणि आबांना धरून चढ चढत आमच्या घरी आणलं. मी दार उघडलं तर दोघंही चिंब. आबांना त्यानं जवळजवळ उचललंच होतं.

आबा ओट्यावर वळचणीखाली बसले. आत आले नाहीत, येण्याची ताकदच नव्हती. आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. तशी उबळ मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. मान ताठ, डोळे बाहेर, श्वास आत जाईना, बाहेर येईना. ह्यांनी पाठ धरली. मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या तोंडाशी धरला.

आबांनी मान फिरवली.

"आबा, प्या. पाया पडते तुमच्या. एक घोट प्या."

मान फिरवलेलीच.

आत्याबाई आतून आल्या. पदर डोक्यावरून पडला होता त्याचंही त्यांना भान नव्हतं. "आवं प्या की वो!" त्या ओरडल्या. "प्या! देवाला काय सांगायचं त्ये मी सांगीन! पाप माज्या डोस्क्यावर! आवं, पोरगी मरंल तुमच्या पायी!" आणि ती विस्तवासारखी बाई ओट्यावर फतकल मारून रडायला लागली.

माझ्या हातात भरलेला तांब्या होता. वीतभर अंतरावर माझा बाप पाण्यावाचून तडफडत होता. आम्ही चार माणसं भोवती होतो आणि चौघांतला एकही काही करू शकत नव्हता.

आबांनी हात बाहेर काढला. गारा थांबून पाऊस लागला होता, आणि पत्र्यावरून पागोळी गळत होती. त्यांनी ओंजळ त्या पागोळीखाली धरली. भरली, सांडली, पुन्हा धरली. ओंजळ तोंडाशी नेली आणि प्याले. पुन्हा धरली, पुन्हा प्याले. हळूहळू उबळ ओसरली. माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये आभाळाचं हाय, पोरी. ह्येला दोष न्हाई."

त्या रात्री ते फळ्यांच्या खोलीत निजले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीनं गेले. घोडेवाल्याला वाईला उतरायचंच होतं, घोडी मागं ठेवून तो मोटारीतूनच बरोबर गेला. मोटारीत बसताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बोलले काही नाहीत. बोलायला श्वास लागतो.

पुढं पाऊस लागला. आम्ही घराला ताट्या बांधल्या आणि आत बसलो. घाटात दरड आली, मोटार बंद झाली. श्रावणात वाईचा एक माणूस घोंगड्याची खोळ घेऊन चालत वर आला, त्यानं घोडेवाल्याचा निरोप सांगितला, आबा वारले. तोवर आबांना जाऊन किती तरी दिवस झाले होते. दिवसकार्य सगळं होऊन गेलं होतं. मी जाणार कुठं आणि कशाला? चुलीपाशी बसून रडले. बाहेर पागोळ्या चालूच होत्या, रात्रंदिवस.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला, माहेरी. तो चार महिन्यांचा झाल्यावर आई मला पोचवायला आली. पहिल्यांदाच आली ती माझ्या घरी. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातवाला घेतलं, आणि मला म्हणाल्या, "बघतीयास काय? आईला पानी दे." मी तांब्या भरून दिला. आईनं हात आडवा केला नाही. सरळ तोंडाला लावला आणि घटाघटा प्याली. मग तोंड पुसून म्हणाली, "खरंच की. म्हनत हुते त्ये."

"काय म्हनत हुते?" मी विचारलं.

"तुजे आबा गं. हितनं आल्यावर अंथरुनावर पडलं ते पडलंच. पर जो भेटाया येईल त्येला सांगायचे, मी लेकीच्या घरचं पानी पिऊन आलोय. म्हनायचे, लय ग्वाड हाय माज्या लेकीच्या घरचं पानी. मला वाटलं तुला ठाव असंल."

आत्याबाई पोराला थोपटता थोपटता थांबल्या.

मला रडू आलं नाही. राग आला. असा राग आला की ते समोर असते तर मी बापाला हाताला धरून हलवलं असतं. म्हणजे तुम्हाला कळत होतं आबा. पागोळी माझ्याच छपराची, हे तुम्हाला तिथं ओंजळ धरतानाच कळत होतं. मग आल्या दिवशीच तांब्यातलं का नाही प्यालात? एक घोट घेतला असतात, आणि राहिला असतात की हो.